फ्लाइट सिम्युलेटरसाठी हाइन्केल एचई ५१ सुचवताना: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

सिम्युलेटरच्या निर्मात्यांना नवे विमान सुचवणारे बहुतेक प्रस्ताव तीन-चार ओळींत आटोपतात. त्यात एखादे छायाचित्र असते, 'हे विमान हवेच' असा आग्रह असतो आणि कुठून तरी उचललेला कमाल वेगाचा आकडा असतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील जर्मन द्विपंखी लढाऊ विमानांच्या बाबतीत ही घाई अधिकच महागात पडते, कारण या विमानांचे उपप्रकार एकमेकांसारखे दिसतात, त्यांची माहिती तीन-चार भाषांत विखुरलेली आहे आणि त्यांची लढाई प्रामुख्याने एकाच देशात, म्हणजे यादवी युद्धात सापडलेल्या स्पेनमध्ये झाली. निर्मात्याला विमान किती देखणे आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. ते करायला किती काम पडेल, त्यासाठी पुरावा कुठे आहे आणि तयार झाल्यावर वापरणारा ते कुठे व कोणाविरुद्ध उडवणार, हे त्याला जाणून घ्यायचे असते. पुढील टप्पे याच प्रश्नांच्या उत्तरांसाठी लावले आहेत. उदाहरण म्हणून हाइन्केल एचई ५१ घेतले आहे. आराडो एआर ६८ सुचवायचे असले तरी क्रम हाच ठेवावा.

टप्पा १: आधी सिम्युलेटर ठरवा, विमान नंतर

विमान मनात पक्के करून मग दिसेल त्या सिम्युलेटरच्या निर्मात्याला तोच मजकूर पाठवणे ही सर्वांत पहिली चूक आहे. प्रत्येक सिम्युलेटरमध्ये विमान येण्याची वाट वेगळी असते.

डीसीएस वर्ल्डमध्ये विमाने त्या सिम्युलेटरची निर्माती कंपनी ईगल डायनॅमिक्स स्वतः करते किंवा परवाना घेतलेले बाहेरचे गट करतात. त्यामुळे तुमचा प्रस्ताव नेमका कोणाला उद्देशून आहे हे आधी ठरवावे लागते. आयएल-२ ग्रेट बॅटल्स मालिकेत विमाने साधारणपणे एखाद्या लढाईच्या संचाचा भाग म्हणून येतात, म्हणून तिथे एकटे एचई ५१ मागण्यापेक्षा ते कोणत्या संचात बसते हे सांगणे जास्त उपयोगाचे ठरते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि एक्स-प्लेन यांत बाहेरचा कोणीही विमान तयार करू शकतो, तेव्हा तिथे मूळ कंपनीला पत्र लिहिण्यापेक्षा जुनी विमाने करणाऱ्या एखाद्या लहान गटाला गाठणे शहाणपणाचे. फ्लाइटगिअर हा मुक्त स्रोत प्रकल्प असल्यामुळे तिथे नुसते सुचवण्याला फार कमी किंमत आहे. काही तरी करून द्यायची तयारी असेल तरच तिकडे जावे.

तपासा: विमान तिथे आधीच आहे का, किंवा कोणी त्याचे काम हाती घेतल्याचे जाहीर केले आहे का, हे पाहताना नावाच्या सगळ्या लेखनपद्धती वापरून शोधा. आकड्याआधी जागा सोडून, जोडरेघ देऊन, सगळे जोडून आणि पूर्ण 'हाइन्केल ५१' असे लिहून, अशा प्रत्येक प्रकारे एकेकदा शोध घ्यावा. वॉर थंडरमध्ये एचई ५१ चे अनेक उपप्रकार आहेत, पण तो खेळ वेगळ्या धाटणीचा असल्यामुळे 'तिकडे आहे, मग इकडे का नाही' हा युक्तिवाद प्रस्तावात आणू नये.

टप्पा २: नेमका उपप्रकार आणि नेमका काळ निवडा

या काळातील जर्मन द्विपंखी लढाऊ विमानांत मुख्य उमेदवार तीन. आराडो एआर ६५ हे १९३१ साली प्रथम उडालेले, लुफ्टवाफेच्या (जर्मन हवाई दलाच्या) सुरुवातीच्या दिवसांतले विमान. हाइन्केल एचई ५१ हे १९३३ मध्ये उडाले आणि १९३५ पासून लढाऊ तुकड्यांत गेले. आराडो एआर ६८ त्यानंतरचे. हेन्शेल एचएस १२३ ही द्विपंखीच असले तरी ते सूर मारून बॉम्ब टाकणारे विमान आहे. त्याला लढाऊ विमानांच्या यादीत घालून प्रस्ताव पाठवला की वाचणाऱ्याचा विश्वास पहिल्याच परिच्छेदात उडतो.

तिघांपैकी एचई ५१ निवडण्याचे कारण सरळ आहे: ते प्रत्यक्ष लढले, मोठ्या संख्येने लढले, आणि त्याच्या वाट्याला हवाई लढत व जमिनीवरील मारा अशा दोन्ही भूमिका आल्या. एआर ६८ हे उडवायला कदाचित अधिक चांगले विमान असेल, पण स्पेनमध्ये त्याची मोजकीच विमाने गेली आणि पुढे त्याची जागा लवकरच बीएफ १०९ या एकपंखी लढाऊ विमानाने घेतली. सिम्युलेटरमध्ये विमानाला काम लागते, आणि एआर ६८ ला देण्यासारखे काम फारसे नाही. माझे मत विचाराल तर एआर ६८ चा प्रस्ताव एचई ५१ मान्य झाल्याशिवाय पाठवूच नये.

आता उपप्रकार. एचई ५१ ए-१ हा पहिला मुख्य उत्पादन प्रकार. बी-१ मध्ये सांगाडा बळकट करून पोटाखाली जादा इंधनटाकीची सोय केली होती. बी-२ हे तरंडे लावलेले, पाण्यावरून उडणारे विमान. सी-१ हा जमिनीवरील माऱ्यासाठी लहान बॉम्ब लावण्याची सोय असलेला प्रकार, जो स्पेनसाठी उपयोगात आला. प्रस्तावात बी-१ हा मुख्य प्रकार ठेवावा आणि सी-१ हा त्याच त्रिमितीय प्रतिकृतीवरून थोड्या बदलांनी करता येणारा दुसरा प्रकार म्हणून मांडावा. बी-२ चा उल्लेख टाळलेला बरा: तरंड्यांसाठी पाण्यावरील हालचालीचे वेगळे गणित लागते आणि 'हा माणूस काम वाढवून मागतो आहे' अशी भावना उगाच निर्माण होते.

सावधान: १९३५ सालच्या डोबेरित्झ येथील तुकडीचे लाल नाक, १९३७ सालचे बॉम्ब आणि कुठल्या तरी प्रशिक्षण शाळेतले नोंदणी अक्षर अशी खिचडी एकाच विमानात करू नये. प्रस्तावाच्या पहिल्या ओळीतच उपप्रकार, देश आणि वर्ष अशा तीन गोष्टी लिहाव्यात. उदाहरणार्थ 'एचई ५१ बी-१, स्पेन, १९३६ ची अखेर'. पुढचे सगळे पुरावे या तीन शब्दांशी ताडून पाहायचे आहेत.

टप्पा ३: पुरावे गोळा करा आणि त्यांची प्रत लावा

घोडे पेंड खाते ते इथेच. लोक पुरावा म्हणून दहा दुवे देतात आणि दहाही एकाच मूळ मजकुराची नक्कल असते. पुरावे गोळा करताना त्यांची प्रत लावून ठेवावी. सर्वांत वर त्या काळची वैमानिकासाठीची पुस्तिका, देखभालीची पुस्तिका आणि कारखान्याची रेखाटने. त्याखाली तारीख व ठिकाण ठरवता येतील अशी छायाचित्रे. त्याखाली ते विमान उडवलेल्या वैमानिकांचे लिखाण. स्पेनमध्ये १९३७-३८ मध्ये कोंडोर लीजनच्या (स्पेनमध्ये लढायला पाठवलेल्या जर्मन दलाच्या) एचई ५१ तुकडीचे नेतृत्व केलेले आडोल्फ गालांड हे त्यांतले सर्वांत परिचित नाव. त्यानंतर अभ्यासकांनी लिहिलेली पुस्तके, आणि तळाशी संकेतस्थळांवरचे तक्ते.

मूळ कागद कुठे शोधायचे हेही प्रस्तावात लिहिले तर निर्मात्याचे बरेच श्रम वाचतात. जर्मन लष्करी कागदपत्रांसाठी फ्रायबुर्ग येथील बुंडेसआर्काइव्हचा लष्करी विभाग, कारखान्यांच्या तांत्रिक साहित्यासाठी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमचे दप्तर, आणि स्पेनच्या बाजूने माद्रिदजवळील बिल्याबिसिओसा दे ओदोन येथील हवाई दलाचे ऐतिहासिक दप्तर ही तीन ठिकाणे नोंदवावीत. स्पॅनिश कागदपत्रांकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. वास्तविक राष्ट्रवादी, म्हणजे जर्मनीने साथ दिलेल्या फ्रँकोच्या बाजूच्या स्पॅनिश वैमानिकांनीही एचई ५१ उडवले, त्यामुळे ते दप्तर वगळले तर अर्धा पुरावा वगळल्यासारखे होते.

रेखाटनांची परीक्षा घरबसल्या करता येते. एचई ५१ चा वरच्या पंखाचा विस्तार ११.० मीटर आणि लांबी ८.४ मीटर. म्हणजे विस्तार व लांबी यांचे प्रमाण सुमारे १.३१ पडते. रेखाटन छापून पट्टीने मोजा: पंखाचा विस्तार २२० मिलिमीटर भरत असेल, तर लांबी १६८ मिलिमीटरच्या आसपास भरली पाहिजे. ती १६० किंवा १७५ भरली, तर ते चित्र कुठे तरी ताणले गेले आहे आणि त्यावरून कोणी प्रतिकृती केली तर सगळे विमान बेढब होईल. उंची मात्र अशी मोजू नये, ३.२ मीटर हा आकडा शेपूट जमिनीवर टेकलेल्या स्थितीतला की विमान समपातळीत धरलेले असतानाचा, हे कळल्याशिवाय ती तुलना निरर्थक आहे. खालचा पंख वरच्यापेक्षा आखूड आहे आणि मागे सरकवलेला आहे, हेही चित्रात नीट दाखवले आहे ना, ते पाहावे.

तपासा: प्रत्येक छायाचित्राखाली ते कोणत्या उपप्रकाराचे आहे आणि कशावरून ते ठरवले, हे एका वाक्यात लिहिता येते का? लिहिता येत नसेल तर ते छायाचित्र बाजूला ठेवा. पुस्तकांतली पाने स्कॅन करून जोडू नका. प्रताधिकाराचा प्रश्न उभा राहतो आणि निर्माता अशी जोडपत्रे उघडतच नाही. पुस्तकाचे नाव व पृष्ठ क्रमांक पुरतो.

टप्पा ४: आकडे मांडा, पण अटींसह

आकड्यांचा तक्ता लहान असावा आणि प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या स्थितीतला आहे हे असावे. एचई ५१ बी-१ साठी साधारणपणे मिळणारे आकडे असे: रिकामे वजन सुमारे १४६० किलो, भरलेले वजन सुमारे १९०० किलो, पंखांचे क्षेत्रफळ २७.२ चौरस मीटर, समुद्रसपाटीला कमाल वेग ३३० किलोमीटर प्रतितास, सेवा उंची (विमान व्यवहारात गाठू शकते ती कमाल उंची) सुमारे ७७०० मीटर. इंजिन बीएमडब्ल्यू सहा ७.३, बारा सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, ४६.९ लिटरचे, ७५० अश्वशक्तीचे. शस्त्रे ७.९२ मिलिमीटरच्या दोन एमजी १७ मशीनगन, प्रत्येकीला ५०० गोळ्या, पंख्याच्या पात्यांमधून समकालित मारा करणाऱ्या.

या तक्त्यात चार ठिकाणी हमखास चुका होतात.

पहिली, ७.३ हा आकडा. तो इंजिनाच्या संपीडन गुणोत्तराचा (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते त्याचा) आहे, हे न कळल्यामुळे काहीजण तो वगळतात आणि नुसते 'बीएमडब्ल्यू सहा' लिहितात. त्याच इंजिनाचे कमी संपीडनाचेही प्रकार होते आणि ते वेगळ्या विमानांत बसले. आकडा वगळला की वाचणारा चुकीच्या प्रकाराची शक्ती धरून हिशेब करू शकतो.

दुसरी, उंची न लिहिता दिलेला वेग. या इंजिनाला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप नाही, त्यामुळे वर जाताना हवा विरळ होते तशी शक्ती घटते. ३३० चा वेग समुद्रसपाटीचा आहे. तोच चार हजार मीटरवर मागाल तर विमान खोटे होईल. उलट सुपरचार्जर असलेल्या प्रतिस्पर्ध्याचा कमाल वेग वरच्या उंचीवर नोंदवलेला असतो. दोन्ही आकडे एका ओळीत मांडून 'फरक इतकाच' असे म्हणणे म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल करणे होय.

तिसरी, अश्वशक्तीचे एकक. जर्मन कागदांतली अश्वशक्ती मेट्रिक असते. ७५० मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ५५२ किलोवॉट. तीच ब्रिटिश अश्वशक्ती समजली तर ५५९ किलोवॉट होतात. फरक दीड टक्क्याच्या आत आहे, पण हवाई गुणधर्मांचे प्रतिमान जुळवणारा माणूस तेवढ्यासाठी विनाकारण ओढबल (हवेचा विरोध) वाढवत बसतो. म्हणून किलोवॉटमध्ये लिहावे.

चौथी, वजनांचा मेळ. रिकामे व भरलेले वजन यांत ४४० किलोचा फरक आहे. त्यात पॅराशूटसह वैमानिकाचे शंभरेक किलो, हजार गोळ्यांचे २५ ते ३० किलो, आणि बाकी इंधन, तेल व इतर साधने. तुमच्या स्रोतात टाकीची क्षमता लिटरमध्ये असेल तर तिला साधारण ०.७३ ने गुणून किलो काढा आणि बेरीज करून पाहा. बेरीज जुळत नसेल, तर 'रिकामे' म्हणताना मशीनगन किंवा इंजिनातले पाणी धरले आहे की नाही, हा प्रश्न प्रस्तावात स्पष्ट नोंदवा. न जुळणारी बेरीज लपवण्यापेक्षा ती दाखवणारा प्रस्ताव जास्त विश्वासार्ह वाटतो.

तपासा: दोन गुणोत्तरे स्वतः काढून द्या. पंखभार १९०० भागिले २७.२, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ७० किलो. शक्तिभार १९०० भागिले ७५०, म्हणजे अश्वशक्तीमागे सुमारे २.५ किलो. हीच गुणोत्तरे समोरच्या बाजूच्या सोव्हिएत द्विपंखी पोलिकार्पोव्ह आय-१५ ची, एम-२५ इंजिनासह, काढली (वजन सुमारे १४०० किलो, पंख सुमारे २२ चौरस मीटर, ७०० अश्वशक्ती) तर ती अनुक्रमे ६४ च्या आसपास आणि जेमतेम २ येतात. स्पेनच्या आकाशात एचई ५१ चे वैमानिक आय-१५ शी वळणात व चढाईत का मागे पडले, ते या दोन ओळींत दिसते. 'विमान कमकुवत होते' असे विशेषण लावण्याची मग गरजच उरत नाही.

टप्पा ५: प्रतिस्पर्धी, भूभाग आणि कामगिरी

द्विपंखी विमानाचा प्रस्ताव नाकारला जाण्याचे सर्वांत मोठे कारण बहुधा हेच असते की ते एकटे येते. एचई ५१ ला लढायला समकालीन शत्रू हवा, आणि उडायला स्पेन हवा.

कालक्रम अचूक ठेवावा. ऑगस्ट १९३६ च्या पहिल्या आठवड्यात पहिली सहा एचई ५१ जहाजातून कादिझ बंदरात उतरली. सुरुवातीला समोर ब्रेगे १९, न्यूपोर ५२ यांसारखी जुनी विमाने होती आणि एचई ५१ चे बरे चालले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत सोव्हिएत आय-१५ व आय-१६ आली आणि पारडे फिरले. तुपोलेव एसबी हे बॉम्बफेकी विमान तर वेगात त्याला मागे टाकत असे. १९३७ मध्ये बीएफ १०९ येऊ लागल्यावर एचई ५१ कडे प्रामुख्याने जमिनीवरील मारा आला. विमाने एकामागून एक साखळीने खंदकांवर उतरत आणि आळीपाळीने मारा करत राहत. म्हणजे प्रस्तावात तीन वेगळे कालखंड सुचवता येतात, आणि प्रत्येकात विमानाचा स्वभाव वेगळा लागतो.

सावधान: 'तुमच्याकडे आय-१६ आधीच आहे, म्हणजे शत्रू तयारच आहे' असे वाक्य बऱ्याच प्रस्तावांत दिसते. डीसीएसमध्ये आणि आयएल-२ ग्रेट बॅटल्समध्येही असलेले आय-१६ हे टाइप २४ आहे. त्याचे एम-६३ इंजिन बरेच ताकदवान आहे आणि तो प्रकार स्पेनमधील १९३६-३७ च्या लढाईनंतरचा. तिथे आधी टाइप ५ व ६ आणि १९३८ मध्ये टाइप १० होते. टाइप २४ विरुद्ध एचई ५१ उभे केले तर वापरणाऱ्याला पहिल्या मिनिटात मार खावा लागेल आणि दोष तुमच्या विमानाला लागेल. त्याऐवजी 'अस्तित्वात असलेल्या आय-१६ वरून, कमी शक्तीच्या इंजिनासह, संगणकाने चालवले जाणारे टाइप ५ करता येईल का' असा प्रश्न विचारणे योग्य.

मित्रपक्षाचे विमान म्हणून इटालियन फियाट सीआर ३२ चा उल्लेख करावा, आणि प्रामाणिकपणे करावा: आय-१५ शी दोन हात करायला ते एचई ५१ पेक्षा सरस मानले जाते. हे लपवले तर कोणी तरी पहिल्याच प्रतिसादात ते काढणार. 'आधी सीआर ३२ का नको' या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवा: एचई ५१ ला जमिनीवरील माऱ्याची दुसरी भूमिका आहे, आणि त्याच इंजिनाचे काम पुढे एआर ६५ व एआर ६८ एफ यांनाही उपयोगी पडते, कारण तीही बीएमडब्ल्यू सहावरच चालतात.

भूभागाच्या बाबतीत सिम्युलेटरनुसार वेगळे बोलावे. एक्स-प्लेन किंवा मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये सगळी पृथ्वी आहे, पण ती आजची आहे. माद्रिदभोवतीचे महामार्ग व उंच इमारती १९३६ च्या लढाईत खटकतील. तिथे लढाईऐवजी विमान हाताळण्याचा, लहान गवताळ धावपट्ट्यांवर उतरण्याचा आनंद पुढे करावा. युद्धाच्या सिम्युलेटरमध्ये स्पेनचा नकाशा नसेल तर ती अडचण स्वतःच मांडावी आणि आहे त्या नकाशांवर १९३५-३६ च्या जर्मन प्रशिक्षणाची उड्डाणे सुचवावीत.

कामगिऱ्यांची यादी देताना एका गोष्टीचे भान ठेवावे. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका या स्पॅनिश गावावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात एचई ५१ विमानांनीही भाग घेतला होता. ती घटना 'रोमहर्षक मोहीम' म्हणून सुचवणे असभ्य आहे आणि कोणताही निर्माता अशा प्रस्तावापासून दूर पळेल.

टप्पा ६: रंग व चिन्हे

हा टप्पा लवकर आटपता येतो. जर्मनीतील १९३५ नंतरच्या विमानांच्या शेपटीवर स्वस्तिक असे. अशी चिन्हे वापरण्यावर बंदी घालणाऱ्या जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ ए मुळे आणि एकूणच विक्रीच्या अडचणींमुळे बहुतेक निर्माते ते चिन्ह टाळतात. स्पेनमधील विमानांवर हा प्रश्नच येत नाही: पांढऱ्या सुकाणूवर काळी फुली, अंगावर काळी तबकडी आणि तिच्या एका बाजूला प्रकारदर्शक २ हा आकडा, दुसऱ्या बाजूला विमानाचा क्रमांक. म्हणून स्पेनची रंगसंगती पहिली ठेवावी. गालांड यांच्या तुकडीच्या विमानांवर मिकी माउस रंगवलेला असे. ते चित्र मागण्याआधी त्याच्या हक्कांचा प्रश्न निर्मात्यावर सोडला आहे असे एका वाक्यात लिहून मोकळे व्हावे.

टप्पा ७: प्रस्तावाचे लेखन

आता कुठे लिहायला बसायचे. आधीच्या सहा टप्प्यांत जमवलेल्या साहित्यापैकी जेमतेम पाचवा हिस्सा प्रस्तावात जातो. बाकीचे जोडपत्रात ठेवावे. प्रस्ताव इंग्रजीत लिहावा लागणार हे उघड आहे. मराठीत विचार करून लांब वाक्ये रचून मग ती यंत्राकडून इंग्रजीत करून घेतली की तांत्रिक शब्द हमखास बिघडतात. संपीडन गुणोत्तराचे भलतेच काही होते आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. तांत्रिक शब्द आधी इंग्रजीतच यादी करून ठेवावेत आणि वाक्ये लहान ठेवावीत.

मजकुराचा क्रम असा: उपप्रकार, देश व वर्ष; हे विमान या सिम्युलेटरमध्ये कोणती उणीव भरून काढते; काम किती व कोणते; पुरावा कुठे; अडचणी कोणत्या. छायाचित्र एकच, आणि तेही शेवटी.

'काम किती' हा भाग लोक लिहीतच नाहीत, आणि वाचणाऱ्याला तोच हवा असतो. एचई ५१ च्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत: चाके आत ओढली जात नाहीत, पंख्याच्या पात्यांचा कोन उड्डाणात बदलत नाही, सुपरचार्जर नाही, कॉकपिट उघडे व साधे. विरुद्ध बाजूला काय आहे तेही सांगा: द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाचे तापमान व रेडिएटर, दोन पंखांमधल्या दांड्या व तारांचे ओढबल, उघड्या कॉकपिटमधला वाऱ्याचा आवाज, आणि तारा किंवा दांड्या तुटल्यावर पंखाचे काय होते याचे नुकसान-प्रतिमान. नमुना म्हणून असा परिच्छेद डोळ्यांसमोर ठेवता येईल:

'एचई ५१ बी-१, स्पेन, १९३६ ची अखेर. सध्याच्या विमानांत १९४० च्या आधीचे जर्मन लढाऊ विमान नाही. चाके स्थिर, पंखा स्थिर कोनाचा, इंजिन सुपरचार्जरविना. सी-१ हा माऱ्याचा प्रकार याच प्रतिकृतीवरून होऊ शकतो. मुख्य अडचण समकालीन शत्रूची: त्यासाठी सध्याच्या आय-१६ वरून आधीचा प्रकार करण्याची शक्यता जोडपत्र दोनमध्ये तपासली आहे.'

यातले दुसरे वाक्य तुमच्या सिम्युलेटरला लागू आहे का, हे पाठवण्याच्या दिवशी पुन्हा पाहावे. ते खोटे ठरले तर बाकीचा मजकूर कोणी वाचणार नाही.

सावधान: 'मी नक्की विकत घेईन', 'माझे सगळे मित्र घेतील', 'हे केले नाही तर सिम्युलेटर अपुरे राहील' ही तीन वाक्ये सापडतील तिथे खोडावीत. किंमत सुचवू नये. दुसऱ्या कोणाच्या चालू कामाला नावे ठेवू नयेत.

टप्पा ८: पाठवल्यानंतर

प्रस्ताव एकाच ठिकाणी, निर्मात्याने सुचवण्यांसाठी ठेवलेल्या जागीच पाठवावा. तोच मजकूर पाच ठिकाणी चिकटवला की तो कुठेच गांभीर्याने घेतला जात नाही. कोणी चूक दाखवली तर वाद न घालता मूळ मजकुरात दुरुस्ती करावी आणि खाली दुरुस्तीची तारीख लिहावी. नव्याने वाचणाऱ्याला जुना आकडा दिसता कामा नये. दर आठवड्याला 'काही कळले का' असे विचारणे थांबवावे. नवा पुरावा हाती आला, उदाहरणार्थ एखाद्या दप्तरातून पुस्तिकेची प्रत मिळाली, तरच पुन्हा लिहावे.

नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर जमवलेले साहित्य वाया जात नाही. एक्स-प्लेनसोबत येणाऱ्या प्लेन मेकरमध्ये पंखांची लांबी, रुंदी, आडवे अंतर व इंजिनाची शक्ती भरली की कच्चे विमान उडू लागते, कारण ते सिम्युलेटर पंखाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकावरचे बल मोजते. टप्पा ४ मधले आकडे तिथे जवळजवळ जसेच्या तसे जातात. फ्लाइटगिअरमध्ये असेच आकारावरून चालणारे यासिम हे प्रतिमान आहे, आणि मोजमापांचे तक्ते हाती असतील तर जेएसबीसिम. सुरुवात यासिमपासून करावी. पहिल्या उड्डाणात समुद्रसपाटीला सरळ उडताना वेग ३३० च्या किती जवळ येतो ते पाहा. तो ३६० च्या पुढे गेला तर आधी दांड्या व तारांचे ओढबल धरले आहे का ते तपासा, इंजिनाच्या शक्तीला हात लावू नका.